प्लांटमध्ये क्रिस्टल तुटतायत, स्टररचा आरपीएम कमी केला तर भागेल का?

नंदेसरी_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. नंदेसरीला एका बल्क ड्रगच्या प्लांटमध्ये प्रॉडक्शनला आहे, प्रॉडक्टचं नाव सांगता येणार नाही ते समजून घ्या. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) गरम विरघळवायचं, ६५ डिग्रीला सीड (तयार बारीक क्रिस्टलचं बी) टाकायचं, ५ डिग्रीपर्यंत थंड करायचं आणि एएनएफडीवर (गाळणं आणि सुकवणं एकाच भांड्यात करणारा ढवळणीचा फिल्टर-ड्रायर) घ्यायचं, एवढी साधी प्रोसेस आहे. आरअँडडीने एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ५ सेंमीच्या स्टररने ३०० आरपीएमवर केलं तेव्हा लांब लांब सुया येतात, बुकनर फनेलवर ओतल्या की पाणी गाळल्यासारखं फिल्टर होतं. आणि आमच्याकडे तीच रेसिपी ३ केएलच्या (३००० लिटर) जीएलआरमध्ये (आतून काचेचं अस्तर असलेला रिॲक्टर) केली की सगळा भुगा. फिल्ट्रेशनला अख्खी शिफ्ट जाते, केकवर भेगा पडतात, धुतलेलं सॉल्व्हंट भेगांतून सरळ खाली जातं म्हणून इम्प्युरिटीपण धुतली जात नाही, आणि वर कस्टमरची बल्क डेन्सिटीची तक्रार.

जीएलआरमध्ये ते नेहमीचं मागे वाकलेल्या तीन पात्यांचं इंपेलर आहे, व्यास ९०० मिमी, स्पीड एकच ९०, बॅफल (प्रवाह अडवणारी उभी पट्टी) एक. हेड म्हणतात स्टरर क्रिस्टल तोडतोय, आरपीएम अर्धा करा. मेंटेनन्स म्हणतं व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावायला पैसे मंजूर करून आणा. क्यूए (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) म्हणतं चेंज कंट्रोल (प्रोसेस बदलायच्या मंजुरीचा फॉर्म) भरा आणि कारण लिहा. आता कारण काय लिहू, "हेड म्हणाले म्हणून"? कोणी हे करून बघितलंय का, नुसतं हळू ढवळून काम होतं का?

मकरपुरा_गिअरबॉक्स

आधी टिप स्पीड (पात्याच्या टोकाचा वेग) काढ म्हणजे क्यूएला लिहायला काहीतरी आकडा मिळेल. पाय गुणिले व्यास गुणिले सेकंदाचे फेरे. तुमच्या फ्लास्कमध्ये ३.१४ गुणिले ०.०५ गुणिले ५, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास. जीएलआरमध्ये ३.१४ गुणिले ०.९ गुणिले १.५, म्हणजे सव्वाचार मीटर. आरपीएम ३०० वरून ९० वर आला म्हणून सगळ्यांना वाटतं प्लांटमध्ये हळू ढवळतोय, पण पात्याचं टोक साडेपाच पट जोरात पळतंय भाऊ. एवढ्या स्पीडने पातं सुईला लागलं तर सुई राहील का.

४५ ला आणलंस तर टिप स्पीड २.१ होतो आणि पॉवर स्पीडच्या घनाने उतरते म्हणजे आठवा हिस्सा. मी तर म्हणतो डोळे मिटून व्हीएफडी लाव.

कलाभवन_८९

डोळे मिटून काही करू नकोस बाळा, पैसे जातील आणि भुगा तसाच राहील.

मकरपुरावाल्यांचं गणित बरोबर आहे, पण तुझी सुई *तुटते* आहे हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. बारीक माल दोन रस्त्यांनी येतो. एक म्हणजे मोठा क्रिस्टल पात्यावर, बॅफलवर, एकमेकांवर आपटून तुटतो. दुसरा म्हणजे सोल्युशनमध्ये नको तेव्हा नवीन न्यूक्लिआय (क्रिस्टलचे नवे बारीक अंकुर) तयार होतात आणि ते बिचारे लहानच राहतात कारण वाढायला माल उरलेला नसतो. दोन्हीत कणांची साईझ मोजणाऱ्या लेझर मशीनवर डी५० (निम्मा माल ज्या साईझपेक्षा लहान ती साईझ) खालीच दिसणार. आणि गंमत अशी की दोन्हीवरचा उपाय काही वेळा बरोबर उलटा असतो.

ओळखायचं कसं? मायक्रोस्कोप घे आणि सुईची लांबी बघत बसू नकोस, *जाडी* बघ. तुटलेली सुई आखूड होते पण जाडी तीच राहते आणि टोक सरळ कापल्यासारखं दिसतं. नवीन जन्मलेली सुई लांबीलाही कमी आणि जाडीलाही बारीक, पण टोकं नीट असतात. एवढ्या एका गोष्टीने निम्मं भांडण मिटतं, ना नवीन प्रोब लागतो ना बजेट.

सॅम्पल चार ठिकाणचे घे: कूलिंग संपल्या संपल्या, होल्ड झाल्यावर, एएनएफडीत लोड झाल्यावर, आणि ड्राय झाल्यावर. माझा अंदाज आत्ताच सांगत नाही. आणि एक, तुमच्याकडे बॅच थंड झाल्यावर किती वेळ स्टररखाली पडून असते?

नंदेसरी_रात्रपाळी

काका, एएनएफडी एकच आहे आणि तीन रिॲक्टर त्यावर, म्हणून रात्रभर होल्ड नेहमीचा, कधीकधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. स्टरर चालूच असतो, बंद केला तर बसेल म्हणून. ट्रान्स्फर सेंट्रिफ्यूगल पंपाने.

कलाभवन_८९

अरे वा. म्हणजे स्टररच्या आधी दोन चोर दारातच उभे आहेत.

एमएसयू_थर्डइयर

मध्येच विचारतो, सॉरी. आम्हाला स्केल-अपला पॉवर पर व्हॉल्यूम सारखी ठेवा असं शिकवलंय. ती सारखी ठेवली तर क्रिस्टलवरचा मारपण सारखाच राहायला पाहिजे ना?

कलाभवन_८९

चांगला प्रश्न. नाही राहत. पॉवर पर व्हॉल्यूम सारखी ठेवायची तर आरपीएम व्यासाच्या दोन-तृतीयांश घाताने कमी करावा लागतो, व्यास दसपट झाला तर आरपीएम ४.६ पट कमी. पण टिप स्पीड म्हणजे आरपीएम गुणिले व्यास, म्हणून तो २.१५ पट *वाढतो*. आणि उलट, टिप स्पीड सारखा ठेवलास तर पॉवर पर व्हॉल्यूम दहावा हिस्सा होते आणि माल तळाला बसायची भीती. दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून क्रिस्टलायझेशनमध्ये तिसराच निकष धरायचा, माल जेमतेम तरंगत ठेवणारा कमीत कमी आरपीएम. झ्वीटरिंग नावाच्या संशोधकाने १९५८ मध्ये त्याचं समीकरण दिलं, तळाला कुठलाही कण एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही तो स्पीड. त्यात व्यासाचा घात उणे ०.८५ आहे, म्हणजे भांडं मोठं झालं तरी जेमतेम तरंगवायला लागणारा टिप स्पीड फार वाढत नाही, दसपट व्यासाला दीडपटीच्याही आत. तेवढ्याच ताकदीने ढवळायचं, उगाच जास्त नाही. नंदेसरीच्या प्लांटमध्ये साडेपाच पट आहे तो कोणी मोजून ठेवलेला नाही, गिअरबॉक्स तेवढा मिळाला म्हणून आहे.

त्याच समीकरणातली अजून एक मजा बघ, कणाच्या साईझचा घात फक्त ०.२ आहे. क्रिस्टल दुप्पट मोठा झाला तरी तरंगवायला स्पीड १५ टक्केच जास्त लागतो. "मोठे क्रिस्टल बसतील म्हणून जोरात फिरवा" या म्हणण्यात तेवढाच दम.

बारडोली_पॅनवाला

मी साखरेतला, मूळ सांगलीचा, आता इकडं सुरत जिल्ह्यात कारखान्यावर. तुमच्या सुया माझ्या ओळखीच्या नाहीत पण एक सांगतो, आमच्यात बी लोक क्रिस्टलायझरला शिव्या घालतात आणि तुटतंय दुसरीकडंच. मॅसेक्विट (दाणे आणि पाकाचं मिश्रण) घट्ट असतंय, ढवळणं एकदम संथ, तिथं दाणा तुटत नाही. दाणा तुटतोय सेंट्रिफ्यूगलवर. कंटिन्युअस मशीनच्या जाळीवरनं साखर वर सरकत येती आणि कडेवरनं सुटून जोरात केसिंगवर आपटती. म्हणून विकायच्या ए साखरेला बॅच मशीन लावायचं आणि बी-सी ला (नंतरच्या, कमी शुद्ध साखरेला) कंटिन्युअस, कारण ती साखर पुढं मेल्टच करायची असते नाहीतर मॅग्मा (साखर-पाकाची लगदी) करून सीड म्हणून पॅनमध्ये (पाक उकळून दाणा वाढवायचं भांडं) घ्यायची असते, तुटली तर तुटू दे.

आणि पॅनमध्ये जी बारीक साखर अचानक उठती तिला आमच्यात फॉल्स ग्रेन म्हणतात. ती तुटून नाही होत, पॅनमन व्हॅक्यूम किंवा सिरपचा फीड नीट सांभाळत नाही म्हणून होती. पॅनमनला एका नजरेत कळतंय कुठली बारीक कशी आली. तुमच्याकडं पीएचडीवाले असून कळंना व्हय?

नंदेसरी_रात्रपाळी

😄 पॅनवाले दादा, आमच्याकडे पीएचडी अहमदाबादला बसतात.

अपडेट देतो. क्यूसीतून (क्वालिटी कंट्रोलची लॅब) मायक्रोस्कोप मागून आणला, दोन बॅचचे चार-चार सॅम्पल बघितले. कूलिंग संपल्यावर बहुतेक सुया लांब, पण थोड्या बारीक केसासारख्यापण आहेत. सकाळी होल्डनंतर आखूड तुकडे बरेच, जाडी तीच, काका म्हणाले तशी टोकं सपाट. एएनएफडीत लोड केल्यावर अजून आखूड. आणि ड्राय झाल्यावर तर विचारूच नका, लांब सुई शोधावी लागते. म्हणजे तिन्ही ठिकाणी तुटतंय, आणि थोडं न्यूक्लिएशनपण आहे.

पण एक विचित्र, क्यूसीच्या लेझर रिपोर्टमध्ये होल्डच्या आधीच्या सॅम्पललाच डी५० खूप कमी आलाय, मायक्रोस्कोपमध्ये तसं दिसत नाही.

पाद्रा_क्यूसी_ताई

सॅम्पल डिस्पर्स करताना सोनिकेशन (अल्ट्रासाउंडचे हादरे) देतात का ते विचार. आमच्याकडे सुयांच्या प्रॉडक्टला मेथडमध्ये सोनिकेशन लिहिलेलं होतं, मशीनच सुया तोडत होतं आणि प्रॉडक्शनवाले बिचारे शिव्या खात होते. सोनिकेशन शून्य, नुसतं ढवळून एकदा, आणि मग थोडं थोडं वाढवत रन कर, आकडा सरकत गेला तर मेथड खराब. ड्राय पावडरवर हवेच्या प्रेशरने उडवून मोजतात त्यातपण तेच, प्रेशर वाढवलं की सुई मोडते. शिवाय लेझरचं गणित प्रत्येक कण गोल आहे असं धरून चालतं, सुईला एकच आकडा दिला की तो ना लांबीचा ना जाडीचा. फोटो जोडल्याशिवाय पीएसडी (कणांच्या साईझच्या) रिपोर्टवर विश्वास ठेवू नकोस.

वाघोडिया_प्रोसेस

मी एएनएफडीवर बराच काळ काढलाय म्हणून त्या भागावर लिहिते, स्टररवर काकांनी लिहिलंच आहे.

ड्रायरमधलं तुटणं लोक मोजतच नाहीत कारण सगळ्यांचं लक्ष क्रिस्टलायझरवर. एएनएफडीचं पातं ओल्या केकमधून जातं तेव्हा तिथे द्रवाची गादी नसते, कण कणावर घासतो, आणि सुयांच्या केकमध्ये तर ते पातं सरळ सुया मोडतच पुढे जातं. बऱ्याच बीएमआरमध्ये (बॅचची लेखी कृती आणि नोंद) लिहिलेलं असतं "ड्राइंग सुरू, एजिटेटर चालू", पहिल्या मिनिटापासून सतत. त्याची काही गरज नसते. सुरुवातीला पातं वर घेऊन नुसत्या व्हॅक्यूमवर आणि नायट्रोजनवर जेवढं सॉल्व्हंट निघतंय तेवढं काढा, जॅकेट हळूहळू गरम करा, मग ठरावीक वेळाने दोन-चार फेरे द्या आणि परत थांबा. एलओडी (मालात उरलेलं सॉल्व्हंट) कुठल्या आकड्याच्या खाली आला की ढवळलं तरी चालतं हे तुमच्या प्रॉडक्टवर ट्रायल घेऊनच कळेल, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. फार ओलं असताना सतत ढवळलं तर साबुदाण्याची खिचडी ओली असताना परतत बसल्यासारखं होतं, गोळे बांधले जातात, आणि मग गोळे फोडायला अजून ढवळा, अजून भुगा. उलट अजिबात नाही ढवळलं तर ड्राइंगला जास्त वेळ आणि मधला थर ओला, म्हणजे फुकट काहीच नाही.

पंप मात्र उद्याच्या उद्या काढून टाका. सेंट्रिफ्यूगल पंपाचं इंपेलर तुमच्या स्टररपेक्षा कितीतरी जोरात पळतं आणि प्रत्येक सुई त्यातून जाते. एएनएफडी खालच्या मजल्यावर असेल तर ग्रॅव्हिटी आणि थोडं नायट्रोजन प्रेशर पुरतं. रिॲक्टरचं प्रेशर रेटिंग बघून घ्या आणि सेफ्टीवाल्यांना विचारून करा, आयपीए आहे.

आणि ट्रान्स्फर होताना लेव्हल पात्याच्या खाली येते तेव्हा पातं स्लरीचा पृष्ठभाग मारत बसतं ना, तेपण बघा.

मकरपुरा_गिअरबॉक्स

म्हणजे माझा व्हीएफडी कोणाला नको 😅

कलाभवन_८९

हवाय हो, पण रांगेत तिसऱ्या नंबरवर.

आता क्रमाने. होल्ड ही फुकटात मिळणारी सुधारणा आहे. कूलिंग संपलं म्हणजे वाढ संपली, त्यापुढचा प्रत्येक तास सुई फक्त मार खाते, वाढत काहीच नाही. बॅच अशी प्लॅन करायची की एएनएफडी रिकामा होण्याच्या सुमारास कूलिंग संपेल. थांबायचंच असेल तर वरच थांब, सगळं विरघळलेलं असताना, सीड टाकायच्या आधी. तिथे क्रिस्टलच नाहीत तर तुटणार काय? फक्त त्या तापमानाला प्रॉडक्ट तेवढा वेळ टिकतो याचा स्टॅबिलिटी डेटा बघ, नाहीतर सुई वाचवायला गेलो आणि इम्प्युरिटी वाढवली.

स्टरर तोडतो का हे क्यूएला दाखवायला एक साधी ट्रायल लॅबमध्ये घे. क्रिस्टल त्यांच्याच मदर लिकरमध्ये (क्रिस्टल निघाल्यावर उरलेलं सोल्युशन), तापमान स्थिर, म्हणजे सुपरसॅच्युरेशन (मावतो त्यापेक्षा जास्त माल विरघळलेला असणं) जवळपास नाही, आणि नुसतं वेगवेगळ्या स्पीडला ढवळत ठेव, मधून मधून फोटो. वाढायला काही नाही, जन्मायला काही नाही, तरी बारीक वाढलं तर ते तुटूनच. मात्र प्लांटचा सव्वाचार मीटरचा टिप स्पीड ५ सेंमीच्या पात्याने आणायला १६०० आरपीएम लागेल आणि त्यात सुई मिनिटाला कितीतरी जास्त वेळा पात्यासमोर येते, म्हणून लॅबचा निकाल प्लांटपेक्षा वाईट दिसणार. दिशा कळते, आकडा नाही.

मग स्पीड. ४५ हा आकडा देव नाही. ७५, ६० असं उतरत जा आणि प्रत्येक वेळी वरून आणि खालून सॅम्पल काढून घट्टपणा बघ. जीएलआरमध्ये तळ दिसत नाही, पण खालच्या सॅम्पलमध्ये सॉलिड वरच्यापेक्षा बरंच जास्त यायला लागलं की समज बसायला लागलं, तिथून थोडं वर ये आणि थांब. पुढे कधी इंपेलर बदलायची वेळ आली तर मोठ्या व्यासाचं, कमी आरपीएमचं, माल खाली ढकलून वर फिरवणारं हायड्रोफॉइल माग. तेवढाच प्रवाह कमी पॉवरमध्ये देतं. रश्टन टर्बाईनचा (सपाट उभ्या पात्यांचं इंपेलर) पॉवर नंबर (इंपेलर किती पॉवर खातं त्याचा आकडा) ५ च्या आसपास, ४५ डिग्रीच्या चार पात्यांच्या टर्बाईनचा १.३ च्या आसपास, हायड्रोफॉइलचा ०.३ च्या आसपास, यावरूनच समजून घे कोण माल फिरवतो आणि कोण नुसता फेटतो. पात्याला रबर किंवा टेफ्लॉन चढवलं तर नवीन न्यूक्लिआय कमी होतात हेपण जुन्या प्रयोगांत दिसलेलं आहे, पण आयपीएत कुठलं रबर टिकतं आणि फार्मात कोण परवानगी देतं हे वेगळं.

सगळ्यात सौम्य म्हणशील तर पात्याला क्रिस्टल दिसूच द्यायचा नाही. ऑस्लो क्रिस्टलायझरमध्ये हेच करतात, पंपातून फक्त वरचं स्वच्छ लिकर फिरवतात, मोठे क्रिस्टल खालच्या बेडमध्ये वरच्या दिशेने येणाऱ्या प्रवाहावर तरंगत वाढतात. मीठ, अमोनियम सल्फेट अशा टनावारी मालाला ते परवडतं. तुझ्या ३ केएलच्या कॅम्पेन मालाला (अधूनमधून थोड्या बॅच काढायच्या) नाही.

एमएसयू_थर्डइयर

मग हळू ढवळलं की नुकसान काहीच नाही ना?

वाघोडिया_प्रोसेस

आहे ना, म्हणून तर काका वर म्हणाले की उपाय उलटा पडू शकतो. स्टरर अर्धा केला की जॅकेटच्या आतल्या बाजूचा हीट ट्रान्स्फर कोइफिशंट जवळपास ६३ टक्क्यांवर येतो. जीएलआरमध्ये काचेचाच अडथळा मोठा असतो म्हणून एकूण यू (काचेसकट सगळ्याचा मिळून कोइफिशंट) तेवढा पडत नाही, पण भिंतीजवळचा थर जास्त थंड राहतो, तिथे पापुद्रा धरतो, आणि मग थंड व्हायला वेळ लागतोय म्हणून ऑपरेटर ब्राइन (जॅकेटमधलं थंड खारं पाणी) अजून उघडतो. झालं, भिंतीवर सुपरसॅच्युरेशन उसळतं आणि न्यूक्लिआयचा पाऊस. त्याच्या सॅम्पलमध्ये केसासारख्या सुया आहेत त्या अशाच कुठून तरी आल्या असणार. स्पीड कमी करणार असाल तर जॅकेट आणि बॅचमधला फरक आधी बांधून घ्या.

अँटीसॉल्व्हंटवाल्या (ज्यात माल विरघळत नाही ते सॉल्व्हंट घालून क्रिस्टल काढायच्या) प्रोसेसमध्ये तर हे अजून वाईट. हळू ढवळत वरून धार सोडली की धारेच्या तोंडाशीच भुगा तयार होतो, त्यात एकही सुई तुटलेली नसते. तिथे डिप पाईपने पात्याजवळ, बारीक धारेने, सावकाश द्यावं लागतं.

कलाभवन_८९

बरोबर. आणि सीड बघ रे. एक टक्का सीड ५० मायक्रॉनचं टाकलं आणि सगळा माल त्यावरच चढला तर कण घनमुळाच्या हिशोबाने साडेचार पटीपेक्षा थोडा जास्त, २३० मायक्रॉनपर्यंत जातो. सुईला हे तंतोतंत लागू नाही पण अंदाजाला पुरतं. तुझा माल त्याच्या फार खाली येत असेल तर कूलिंगमध्ये न्यूक्लिएशन होतंय. सीड टाकल्यावर थोडा वेळ थांब, मग सुरुवातीला एकदम सावकाश उतर आणि शेवटी वेग वाढव, कारण सुरुवातीला माल चढायला पृष्ठभागच कमी असतो. सरळ रेषेत उतरवतात ते सोयीचं म्हणून.

हिवाळ्यात जास्त होतं का रे हे?

नंदेसरी_रात्रपाळी

काका तुम्हाला कसं कळलं?? दिवाळीनंतरच तक्रार वाढलीय.

कलाभवन_८९

पहिलं कूलिंग कूलिंग टॉवरच्या पाण्यावर करत असाल. मे महिन्यात बडोद्यात ते पाणी कोमट असतं म्हणून बॅच आपोआप सावकाश उतरते आणि क्रिस्टल चांगले येतात. जानेवारीत तेच पाणी गार, व्हॉल्व्ह तेवढाच उघडा, बॅच दाणकन खाली. बीएमआरमध्ये फक्त शेवटचं तापमान लिहून चालत नाही, दर अर्ध्या तासाचं लिहा.

नंदेसरी_रात्रपाळी

लॉगशीट काढून बघितली, जानेवारीच्या बॅच ६५ वरून ४० ला मे महिन्यापेक्षा जवळपास निम्म्या वेळात आल्यात. आणि क्यूसीच्या मेथडमध्ये सोनिकेशन आहे, ताई बरोबर बोलल्या. चेंज कंट्रोल आता तीन भागांत भरतोय: होल्ड आणि कूलिंग रेट, मग पंप काढून नायट्रोजन ट्रान्स्फर आणि ड्रायरची इंटरमिटंट ढवळणी, आणि शेवटी व्हीएफडी. हेड "शेवटी" वाचून नाराज झाले पण फोटो बघून गप्प बसले.

मकरपुरावाले, मोटर फ्लेमप्रूफ आहे, तीच चालेल का व्हीएफडीवर?

मकरपुरा_गिअरबॉक्स

नेमप्लेट आणि सर्टिफिकेट बघ, व्हीएफडी ड्यूटीसाठी सर्टिफाइड असेल तरच, नाहीतर सॉल्व्हंट एरियात ती जोडू नकोस, कोणी कितीही म्हटलं तरी. ४५ आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झ, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर म्हणून हवा कमी लागते. स्टररचा लोड स्पीडच्या वर्गाने उतरतो त्यामुळे गरम व्हायला नको, पण सर्टिफिकेट ते बघत नाही. आणि व्हीएफडी पॅनल बाहेर, सेफ एरियात. पात्याचं ड्रॉइंग पाठव मग, हायड्रोफॉइलचं नंतर बघू, मॅनहोलमधून आत जाईल का हा पहिला प्रश्न आहे, नाहीतर सुटी पाती शाफ्टवर बसवायचा प्रकार घ्यावा लागेल आणि तो महाग आहे.

बारडोली_पॅनवाला

बॉटम व्हॉल्व्हच्या नळीत माल बसतो का तेबी बघा स्पीड कमी केल्यावर. आमच्यात तिथंच दगड होतोय आणि मग पहार घेऊन पोरं उभी.

नंदेसरी_रात्रपाळी

फ्लश बॉटम (मध्ये नळी न ठेवता तळाशी सपाट बसणारा व्हॉल्व्ह) आहे दादा, तरी पहिली बादली वेगळी काढायला सांगतो.